हंबरडा

"मी रडले नव्हते," बाई म्हणाली. हॅलो नाही, नमस्कार नाही, कोण कुठली काही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला ऑफिसचा जुना फोन बराच वेळ वाजत होता आणि डेस्कवरची पोरं एकमेकांकडे अशी बघत होती, जणू कोणी चारचौघांत ढेकर दिला. फोनला तार असते, हीच त्यांना मोठी गंमत वाटते. शेवटी मीच उठले, कारण वाजणारी वस्तू उचलायची असते हे ठाऊक असलेली या ऑफिसात मी एकटीच उरले आहे. "तुमच्या पेपरात छापलंय, मी हंबरडा फोडला म्हणून. कोणी छापलं?" मी विचारलं, कुठली बातमी. "गोदामातल्या लिफ्टची. माझा मुलगा गेला त्यात." हे तिनं घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी माझं नेहमीचं, वापरून गुळगुळीत झालेलं "वाईट झालं हो" म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "ते राहू द्या. हंबरडा गाय फोडते, वासरू ओढून नेलं की. मी काय गाय आहे? गेटसमोर उभी राहून मी एक वाक्य बोलले. सरळ बोलले. आता कंपनीचा वकील तुमचं कात्रण घेऊन फिरतोय. म्हणतो, बाई भानावर नव्हती, पेपरातच आलंय, तेव्हा लिफ्टबद्दल ती काय बोलली ते धरू नका. परवा चौकशी आहे. त्याच्या आत छापा, की मी रडले नव्हते." मी म्हटलं, बघते. "बघू नका, छापा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. इतकी नीट संपादित केलेली वाक्यं मी या इमारतीत कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

बातमी काढून वाचली. 'लिफ्ट बिघडलेली असल्याचे ठाऊक असूनही माझ्या लेकराला तिच्यात पाठवले, असा हंबरडा त्या माउलीने फोडला, तेव्हा उपस्थितांचेही डोळे पाणावले.' वा रे वा! हंबरडा, आणि त्यात 'असूनही'! ज्यानं आयुष्यात एकदा जरी हंबरडा ऐकला असेल त्याला कळेल की त्याला कर्ता-कर्म-क्रियापद नसतं, पोटवाक्य तर नसतंच नसतं. पण ऐकणार कोण? बातमी जावयानं केलेली होती. जावई म्हणजे आमचं यंत्र. त्याचं खरं नाव इंग्रजी आहे, चकचकीत आहे, ऑफिसच्या चहाच्या मगांवर छापलेलं आहे. पण ते आलं त्याच दिवशी मी त्याला जावई म्हटलं आणि तेच चिकटलं. का नाही चिकटणार? आल्यापासून त्याचे लाडच लाड. त्याच्यासाठी भिंतभर पडदा, त्याच्यासाठी नवा गालिचा, त्यानं चूक केली तर चूक म्हणायची नाही, 'तो शिकतोय' म्हणायचं. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या तोंडावर कागद फेकून मारत. त्याची सोय व्हावी म्हणून निम्मे बातमीदार घरी पाठवले, आणि त्यांच्या खुर्च्या कॉन्फरन्स रूमच्या मागं एकावर एक रचून ठेवल्या आहेत, त्याही धूळ खात. जावयाला कुठं जावं लागत नाही. त्याला आणून वाढायचं. लिफ्टच्या बातमीसाठी त्याला काय वाढलं होतं ते मी शोधलं: कामगार संघटनेचं एवढंसं निवेदन, त्यात आईचं वाक्य साधं 'सांगितले' असं, आणि सोबत एक फोटो. फोटोत गेटसमोर एक बारीक बाई उभी, डोळ्यांवर आडवा हात. सावल्या पायाशी आखडलेल्या, म्हणजे भर दुपार. ऊन होतं म्हणून माणूस डोळ्यांवर हात घेतो, हे जावयाला कोण सांगणार? त्याच्या लेखी बाई, पोर गेलेलं, आणि डोळ्यांवर हात, म्हणजे झालंच.

आणि खाली, बारीक अक्षरांत, 'तपासले' अशी खूण आणि पुढे माझी आद्याक्षरं. हे बघून मला हसूच आलं. माझं काम आता एवढंच उरलं आहे: जावयानं बातमी ओकायची आणि मी तिच्याखाली 'तपासले' दाबायचं. तपासणारा म्हणे डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत तेल नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरनं घातलेलं औषध होतं. बाहुल्या मोठ्या करून त्यानं मला अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं आणि माझ्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. रीतसर रजा टाकून गेले होते. पण बातमी फार वेळ अडून राहिली की खूण आपोआप पडते, अशी सोय जावयाला करून दिलेली आहे, आणि आपोआप पडलेल्या खुणेलाही नाव माणसाचंच लागतं. म्हणजे त्या दुपारी या सगळ्या प्रकरणात डोळ्यांतून पाणी काढणारी एकच बाई होती, ती मी, आणि मी गोदामापासून कोसभर लांब होते.

हंबरड्याशी माझं वैर जुनं आहे. मी या धंद्यात आले तेव्हा गुन्हे लिहिणारा एक बातमीदार होता, त्याला आम्ही डोंगर म्हणायचो, कारण त्याच्या प्रत्येक बातमीत कुणावर ना कुणावर दुःखाचा डोंगर कोसळायचा. डोंगर कोसळला की हंबरडा फुटायचा, हंबरडा फुटला की काळीज पिळवटायचं, आणि सरतेशेवटी परिसरात हळहळ व्यक्त व्हायची. परिसरात हळहळ! ज्या गल्लीत लोक जिन्यात पाणी सांडलं म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरतात, त्या गल्लीत. मी लाल पेन घेऊन एकेक डोंगर सपाट करायची. हंबरडा कापून 'सांगितले' करायची. तो वैतागून म्हणायचा, "खोडरबर बाई, लोकांना थोडं रडू द्या की हो! तुमच्या बापाचं काय जातंय?" ऑफिसभर माझं नाव खोडरबर झालं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा. छापील पेपरात माझ्या पाळीत हंबरडा गेला नाही. आता हसा: जावयाला शिकवायला म्हणून जेव्हा जुनं सगळं घातलं, तेव्हा कळलं की छापलेली पानं नुसती चित्रं म्हणून साठवलेली आहेत, ती त्याला वाचायला जड. सोपं काय सापडलं? बातमीदारांनी पाठवलेल्या मूळ कॉप्या. न कापलेल्या. म्हणजे मी आयुष्यभर जे ताटाबाहेर काढून टाकलं, नेमकं तेच खरकटं गोळा करून या गृहस्थाला भरवलं आणि तो गुबगुबीत झाला. डोंगर बिचारा केव्हाच वारला. त्याच्या शोकसभेला कुणी हंबरडा फोडला नाही, चहा मात्र चांगला होता.

माणसांना दुसऱ्याचं रडणं का हवं असतं, हे मला कधीच कळलेलं नाही. नवरा गेला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, वरची एक ट्यूब फडफडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती की ही ट्यूब कोणी बंद का करत नाही. नणंद समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे थर्मामीटर वाचावा तशी बघत होती. "रड गं," ती म्हणाली, "मोकळी हो." मी म्हटलं, मी मोकळीच आहे, तुम्ही जरा बाजूला व्हा, वारा येऊ द्या. झालं! तेवढ्यावर तिनं आख्ख्या नात्यागोत्यात सांगितलं, "टिपूस काढलं नाही हो हिनं. पेपरात काम करून दगड झालीये." अजून सांगते. लग्नकार्यात भेटते तेव्हा माझा हात हातात घेऊन डोळ्यांत बघते, काही सांडतंय का ते. तिला काय माहीत? पुढे कधीतरी मी चपलांच्या दुकानात गेले होते. आजारी पडायच्या आधी त्यांनी बूट टाच बदलायला टाकले होते आणि पावती माझ्या पर्समध्येच राहिली होती. दुकानदारानं बूट कागदात गुंडाळले आणि म्हणाला, "साहेबांना सांगा, दोन्ही टाचा नव्या घातल्यात, आता मस्त चालतील." मी दुकानाच्या मागं, उभ्या असलेल्या ट्रकच्या आडोशाला जाऊन इतकी रडले की ट्रकच्या ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि शहाण्या माणसासारखी मान फिरवली. त्या ड्रायव्हरबद्दल मला आजही आदर आहे. नणंदेबद्दल नाही. त्या फोनवरच्या बाईचं म्हणणं ऐकलं आणि पहिल्यांदा मला तीच, नणंदच, आठवली. आता तिला भिंतभर पडदा मिळाला होता, एवढाच फरक.

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे संपादक. एके काळी बरं लिहायचे, आता बरं बसतात. त्यांच्या शेजारी डॅशबोर्ड होता. डॅशबोर्ड हा मुलगा आमच्याकडे नेमकं काय करतो ते कुणालाच माहीत नाही, पण त्याच्या हातात सतत आकडे चढउतार करणारी एक पाटी असते, म्हणून ते नाव. मी सांगितलं, बाई रडली नव्हती, आपला कोणी तिथं नव्हता, दुरुस्ती छापायची आहे, साधी, दोन ओळींची. साहेबांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा विचार करण्याचा अभिनय. "हंबरडा म्हणजे काही बदनामी नाही हो," ते म्हणाले. "उलट सहानुभूतीच आहे. आपण काय तिला चोर म्हटलंय का?"

"साहेब, तिचं बोलणं खोटं पाडायला वकील आपलं कात्रण वापरतोय."

"संघटनेचं निवेदन आहे की तिच्याकडे."

"संघटना म्हणजे तिच्या बाजूची. आपण त्रयस्थ. म्हणून तर आपलं कात्रण धरतात."

"तेच ना! त्रयस्थ!" साहेब एकदम खूश झाले. "मग आपण उठून सांगायचं, की आम्ही तिथं नव्हतोच? उद्या प्रत्येक बातमीला लोक विचारतील, तुमचा कोण होता हो तिथं?"

"विचारू देत की. पेपरला नाही विचारायचं तर कोणाला विचारायचं?"

डॅशबोर्डनं पाटीवरून मान वर केली. "मॅडम, त्या ओळीवर लोक सगळ्यात जास्त थांबलेत. म्हणजे भावना पोचलीये." मी म्हटलं, कुणाची? तो म्हणाला, "म्हणजे... एकूणच." एकूणच! बाईचं पोर गेलं आणि याच्याकडे एकूणच भावना पोचली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते काय उगाच? मग त्यालाच उदारपणा सुचला. म्हणाला, दुरुस्ती असं न म्हणता आपण जावयाकडून (समोर तोही जावईच म्हणतो, त्याला वाटतं ते लाडाचं नाव आहे) त्या वाक्याचा नवा मसुदा करून घेऊ, रडण्याशिवायचा. बोटं चालली. पडद्यावर आलं: 'अश्रू आवरत त्या माउलीने...' मी म्हटलं, आवरायला आधी यावे लागतात. पुन्हा बोटं. 'कोरड्या डोळ्यांनी आक्रोश करत...' पुन्हा. 'तिचे अश्रूही जणू गोठले होते.' डॅशबोर्ड हळूच म्हणाला, "हे छान आहे पण." मी त्या पडद्याकडे बघत उभी राहिले. रागापेक्षा मला किळस आली, शिळ्या भाजीच्या वासानं येते तशी. जगातलं सगळं लिहिलेलं खाऊन बसलेला हा प्राणी, आणि त्याला एका बाईला नुसतं बोलू देता येईना. ती उभी राहिली आणि बोलली, एवढं त्याच्या तोंडून निघेना. आणि निघणार तरी कसं, आम्ही कधी लिहिलं होतं का तसं?

"आणि बाई," साहेब सावकाश म्हणाले, चष्मा परत चढवून, "तपासणाऱ्याचं नाव तुमचं आहे. दुरुस्ती छापायची म्हणजे तुमची चूक छापायची. निवृत्ती इतकी जवळ आलीये. कशाला?" मी रजेवर होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, रजेच्या अर्जावर सही त्यांचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तरी निदान संन्याशाला तोंडावर सांगू नये, एवढी रीत असते. मी म्हटलं, "परवा मी चौकशीला जाणार आहे." ते म्हणाले, "पेपरच्या वतीनं?" मी म्हटलं, "पेपरला कुठं वत उरलीये?" हा विनोद त्यांना कळला नाही. त्यांनी तो डॅशबोर्डकडे बघून तपासला, आणि डॅशबोर्डलाही कळला नव्हता.

घरी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते आणि माझ्या आयुष्याचं वेळापत्रक तिथून बघते. "आई, कशाला पंगा? कोण ती बाई? तू तर तिला भेटलीही नाहीस." खरंच होतं. भेटले नव्हते. बघितलं नव्हतं. मला तिच्या बोलण्यावर विश्वास बसला होता, कारण तिची वाक्यं आखूड होती, आणि हा काही पुरावा नव्हे. आखूड वाक्यांत खोटं बोलणारी पुष्कळ माणसं मी बघितली आहेत, मंत्री सगळे तसेच बोलतात. बाल्कनीत उभी राहून मी समोरच्या इमारतीच्या लिफ्टचा उजेड वरखाली होताना बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी परवा तिथं जाऊन नेमकं काय सांगणार आहे, हे मलाच धड माहीत नाही. ती रडली नव्हती असं? मग मी आणि जावई यांच्यात फरक काय राहिला? त्यानं न बघता रडवलं, मी न बघता गप्प करणार. मुलगी पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती. मी म्हटलं, "ऐकू येतंय गं, विचार करतेय." ती म्हणाली, "बरंय, विचार कर, पण जाऊ नकोस."

चौकशीच्या दिवशी सकाळीच साहेबांचा मेसेज आला. खूप सभ्य मेसेज होता. 'परस्पर संमतीने', 'दीर्घ सेवेबद्दल ऋण', 'आजपासून'. मी दोनदा वाचला आणि ओळखलं की हा जावयाकडून लिहून घेतलेला आहे, कारण शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या जाण्याने कार्यालयात हळहळ व्यक्त होत आहे.' मी रिक्षात एकटीच मोठ्यानं हसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "नोकरी गेली." तो म्हणाला, "अरेरे," आणि मग जरा थांबून, "सुट्टे आहेत ना?" अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

खोली सरकारी होती: पोपटी रंगाची अर्धी भिंत, वरती पांढरी, आणि मध्ये हातांचा मळ. चौकशी अधिकारी म्हणजे सर्दी झालेला, कंटाळलेला, पण कान उघडे असलेला माणूस. वकील तरुण, इस्त्री केलेला, केसांपासून बुटांपर्यंत. आणि ती. फोटोपेक्षा लहान वाटली. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी माझी ओळख सांगितली तेव्हा तिनं माझ्याकडे, उशिरा आलेल्या प्लंबरकडे बघावं तसं बघितलं. वकिलानं कात्रण वाचून दाखवलं. हंबरडा हा शब्द त्यानं जिभेवर घोळवून म्हटला, 'माउली' म्हणताना आवाज ओला केला. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "हे तुमच्या पेपरचं?"

"कालपर्यंत माझा होता. हो."

"खाली आद्याक्षरं तुमची?"

"माझी. पण त्या दिवशी मी रजेवर होते. खूण यंत्रानं टाकली. बातमीही यंत्रानंच लिहिली."

"तिथं तुमचा प्रतिनिधी कोण होता?"

"कोणी नव्हतं."

"कोणीच?"

"कोणीच नव्हतं. एक फोटो होता आणि संघटनेचा कागद. कागदात हंबरडा नाही. तो यंत्रानं घातला." मी जावयाची गोष्ट सांगितली, थोडक्यात, जावई न म्हणता. अधिकाऱ्यानं नाक पुसलं आणि मला वाटलंच होतं तो प्रश्न विचारला. "मग या बाई रडल्या होत्या की नव्हत्या?"

तिनं पिशवीवरचे हात घट्ट केले. ती माझ्याकडे बघत होती. एवढ्यासाठीच तर तिनं फोन केला होता, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मला एका शब्दात देता आलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिथं नव्हते." बोलल्यावर मला वाटलं, बाई उठून माझ्या थोबाडीत देणार. दिली असती तर मी गाल पुढं केला असता. पण उभ्या आयुष्यात मी इतकं खरं वाक्य छापलं नव्हतं, बोलले नव्हते, आणि पेपरच्या सबंध इमारतीत, त्या पडद्यापुढं बसणाऱ्या कोणालाही, साहेबांना, डॅशबोर्डला, जावयाला, ते वाक्य म्हणता येणार नाही, एवढं मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं.

अधिकाऱ्यानं कात्रण उचललं, उलटं केलं आणि बाजूला सरकवलं. "हे धरता येणार नाही," तो म्हणाला. वकील अजिबात गडबडला नाही. ही जात गडबडत नाही. तो तिच्याकडे वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे आपलं म्हणणं, आपण रडलाच नाहीत? पोटचा मुलगा गेला, तरी?" आणि त्यानं असं थांबून खोलीभर बघितलं, की बघा, ही कसली आई. रडली तर वेडी, नाही रडली तर दगड! मला त्या माणसाचा असा तिटकारा आला की हाताची बोटं आपोआप वळली. पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "घरी रडते ना. तिथं तुम्हाला बोलावलेलं नाही. इथं मी लिफ्टचं सांगायला आलेय. लिफ्ट बिघडली होती. दार लागायच्या आधीच ती हलायची. माझा मुलगा रोज घरी येऊन सांगायचा. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणायचा, पाय आत घे. घ्या लिहून." अधिकाऱ्यानं पेन उघडलं. ती एकेक वाक्य सांगत गेली, तो लिहीत गेला, मध्ये एकदा त्यानं शिंक दिली तेव्हा ती थांबली आणि मग पुढं सांगू लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. माझं कामच ते होतं एके काळी, आणि मी ते विसरले नव्हते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. रागावलेली होती. "एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? रडली नाही, म्हणून?"

"मी बघितलं नव्हतं."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे. पण बघितलं नव्हतं."

तिनं पिशवी मांडीवरून काढून बाकावर ठेवली. "आज बघितलंत?"

"आज बघितलं."

"मग लिहा."

मी म्हटलं, "मला आज सकाळीच काढून टाकलंय. माझ्याकडे आता पेपर नाही."

"कागद आहे ना?"

पर्समध्ये कागद होता. मी गुडघ्यावर धरला आणि लिहिलं: 'गोदामातील लिफ्ट बिघडलेली होती आणि मुलगा तसे रोज घरी येऊन सांगत असे, असे मृत कामगाराच्या आईने चौकशीत सांगितले.' तिच्या हातात दिला. तिनं ओठ हलवत, सावकाश वाचलं. "मृत कामगार काय?" ती म्हणाली. "त्याला नाव आहे."

मी ते दोन शब्द खोडले. तिनं नाव सांगितलं, मी लिहिलं. ती वाकली, आणि तिनं त्या नावावर बोट ठेवलं.

"दुसरी वेलांटी," ती म्हणाली. "शाळेपासून सगळे पहिलीच देतात त्याला."

मी पहिली खोडली आणि दुसरी दिली. तिनं बोट उचललं नाही.